आंकडा बदलण्यापूर्वीं

संगणकाच्या आज्ञेनें लांकूड कोरणारें छोटें सीएनसी राउटर यंत्र ३ मिलिमीटरांऐवजीं ३.४ मिलिमीटर खोल कोरूं लागलें, कीं आज्ञेंतील आंकडाच कमी करण्याचा मोह विद्यार्थ्यांस होतो. आमच्या मतें ही दुरुस्ती नव्हे, दोष झांकणें होय; आज जुळलेला आंकडा उद्यां दुसऱ्या खोलीस फसवितो. निरनिराळ्या खोलीच्या खांचा कोरून कॅलिपरनें मोजाव्या. चूक सर्वत्र सारखी असल्यास शून्यबिंदु चुकला. खोलीच्या प्रमाणांत वाढल्यास मोटारीच्या पावलांचा हिशेब. जागोजागीं बदलल्यास फळी किंवा तिची बैठक सपाट नाहीं. काम चालतां चालतां वाढल्यास बिट पकडींतून सरकत असावें. पालकांनीं वायां गेलेल्या फळीबद्दल रागावूं नये. न मोजतां केलेल्या दुरुस्तीबद्दल मात्र अवश्य विचारावें.