सार्वभौमत्वाचा हिशेब

मिलान शहरातील फ्लामिनिओ कोस्टा नावाच्या एका वकिलाने सुमारे दोन हजार लिरांचे विजेचे बिल भरण्याचे नाकारले. इटलीच्या सरकारने १९६२ साली वीजउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले होते. या वकिलाचे भाग अशाच एका वीज कंपनीत होते, आणि हे राष्ट्रीयीकरण युरोपीय आर्थिक समुदायाच्या रोम कराराशी विसंगत आहे, असे त्याचे म्हणणे होते. बिलाची रक्कम क्षुल्लक. परंतु त्या निमित्ताने १९६४ साली लक्झेंबर्ग येथील समुदायाच्या न्यायालयाने दिलेला निर्णय मुळीच क्षुल्लक नव्हता. सभासद राष्ट्रांनी आपल्या सार्वभौम अधिकारांना कायमची मर्यादा घालून घेतली आहे, म्हणून राष्ट्राने मागाहून केलेला कायदा समुदायाच्या कायद्याला डावलू शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. १९५७ च्या रोम करारात ही गोष्ट इतक्या स्पष्ट शब्दांत कोठेही लिहिलेली नव्हती.

ब्रिटनने २०१६ साली ५१.९ टक्के मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हापासून आपल्याकडील चर्चांमध्ये एक सोपी विभागणी रूढ झाली आहे. सार्वभौमत्व मागणारे भावनेच्या आहारी गेलेले, आणि संघ हवा म्हणणारे हिशेबी. वर्गात विद्यार्थीही असेच बोलतात, आणि परीक्षेत तसेच लिहितात. मला ही विभागणी मान्य नाही. सार्वभौमत्वाचाही हिशेब असतो. तो मांडण्याची जबाबदारी आम्हा अर्थशास्त्राच्या मंडळींनी टाळली, एवढेच.

आयर्लंडचे उदाहरण घ्यावे. १९२२ साली हा देश स्वतंत्र झाला खरा, परंतु त्याचा पौंड ब्रिटिश पौंडाला एकास एक या दराने बांधलेला होता. लंडनमध्ये व्याजाचा दर वाढला की डब्लिनमध्ये तो वाढविणे भाग पडे, आणि लंडनच्या त्या निर्णयात आयरिश माणसाला मत नसे. १९७३ साली आयर्लंड युरोपीय समुदायात शिरला आणि १९७९ साली युरोपीय चलनव्यवस्थेत सामील होताना त्याने ती जुनी गाठ सोडली. कागदोपत्री पाहता त्याने आपले अधिकार ब्रुसेल्सला दिले. प्रत्यक्षात जुन्या राज्यकर्त्याच्या बाजारपेठेवरील त्याचे अवलंबित्व कमी झाले आणि जेथे निर्णय होतात त्या मेजाभोवती त्याला खुर्ची मिळाली. ब्रिटन त्याच वर्षी त्याच समुदायात शिरले होते. पण साम्राज्य गमावलेल्या देशाला जी गोष्ट उतरण वाटली, ती वसाहतीतून सुटलेल्या शेजाऱ्याला चढण वाटली, यात नवल नाही.

मेजाबाहेर राहणाऱ्याचे काय होते, हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना विचारावे. २०१० साली भारतातून गेलेली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात अडविली गेली. ती मर्यादा ठरली युरोपात, नुकसान झाले दिंडोरी-निफाडकडे. आपले सार्वभौमत्व तेव्हा पूर्णपणे शाबूत होते. त्याचा कंटेनर सोडविण्यास उपयोग झाला नाही. नॉर्वेची अवस्था अधिक सुखवस्तू, पण तत्त्वतः वेगळी नाही. तेथील जनतेने १९७२ आणि १९९४ साली, दोनदा, सभासदत्व नाकारले. तरीही युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारामुळे संघाच्या बाजारपेठेचे बहुतेक नियम नॉर्वे लागू करतो, संघातील गरीब देशांच्या विकासासाठी पैसेही देतो. मत मात्र देऊ शकत नाही. मासेमारी आणि शेती त्याने आपल्या हाती ठेवली. तेवढ्यासाठी ही किंमत नॉर्वेजियन मतदाराने समजून-उमजून मोजली आहे, आणि त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेणार नाही.

येथवरचे विवेचन वाचून प्रस्तुत लेखक संघाचा पुरस्कर्ता आहे, असे कोणी म्हणेल. त्याने ग्रीसकडे पाहावे. ग्रीस २००१ साली युरो चलनात सामील झाला. स्वतःचे चलन असलेला देश संकटात सापडला तर चलनाचे मूल्य घसरते, निर्यात स्वस्त होते आणि झळ थोडीथोडी सर्वांत वाटली जाते. ग्रीसला ही वाट बंद होती. म्हणून वेतन, निवृत्तिवेतन आणि नोकऱ्या यांवर कुऱ्हाड चालली. २०१३ साली बेकारी २७ टक्क्यांवर गेली. ५ जुलै २०१५ रोजी, बँका बंद असताना आणि दिवसाला ६० युरोंपलीकडे रक्कम काढता येत नसताना, ग्रीक जनतेने धनकोंच्या अटी ६१ टक्के मतांनी फेटाळल्या. पण त्या आठवड्यात मत कोणाचे चालते याविषयी कोणाचाही गोंधळ नव्हता. १३ जुलैच्या पहाटे त्यांच्याच पंतप्रधानांनी तशाच कडक अटी मान्य केल्या. ग्रीसला मेजाभोवती खुर्ची होती, व्हेटो होता, मंत्री होते. खुर्ची पुरली नाही.

याचे कारण चलन एक झाले आणि तिजोरी वेगळी राहिली, हे आहे. बिहार आणि महाराष्ट्र यांचा रुपया एकच आहे, उत्पन्नात मात्र प्रचंड अंतर आहे. तरीही हे चलन टिकते, कारण पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि त्याच्या वाटपात उत्पन्नातील तफावतीला सर्वाधिक वजन दिले. महाराष्ट्र देतो फार आणि मिळते थोडे, ही तक्रार आपण नित्य करतो. परंतु पाटण्याने ते पैसे व्याजासह परत करावेत, असे कोणी म्हणत नाही. युरोपीय संघाचा अर्थसंकल्प सभासदांच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास असतो. जर्मन करदात्याच्या लेखी ग्रीक माणूस शेजारी आहे, भाऊबंद नव्हे. आणि शेजाऱ्याला दिलेले पैसे ही उसनवारीच असते.

म्हणून माझा कौल सरसकट नाही. मालाचे दर्जे, जकाती, नद्यांचे प्रदूषण, सरहद्द ओलांडणारे धंदे यांबाबतचे अधिकार एकत्र आणल्याने लहान राष्ट्राचे वजन वाढते. चलन आणि कर्ज यांबाबत, एकमेकांना न परतणारे पैसे देण्याची तयारी होत नाही तोवर, अधिकार घरीच ठेवलेले बरे. स्वीडनच्या जनतेने २००३ साली युरो नाकारला आणि संघात राहणे पसंत केले. सार्वमताच्या गदारोळात ही मधली वाट हरवते, कारण मतपत्रिकेवर दोनच चौकटी असतात.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडले. मे २०२५ मध्ये लंडन येथे झालेल्या बैठकीत त्याच्या सरकारने अन्नपदार्थांच्या व्यापारापुरते संघाचे नियम, ते वेळोवेळी बदलतील तसे, पाळण्याचे आणि त्यांच्या अर्थाबाबत लक्झेंबर्गच्या न्यायालयाचा शब्द अखेरचा मानण्याचे तत्त्वतः कबूल केले. हे नियम ठरविताना ब्रिटनचे म्हणणे ऐकून घेतले जाईल; मतदानाचा हक्क त्याला नसेल.