वर्गीकरण आपला शत्रू नाही

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एक मुलगी बोलायला उभी राहिली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पुढे काय करणार, असे कुणीतरी विचारले. तिने सांगितले, सी अ‍ॅनिमोनच्या वर्गीकरणावर पीएच.डी. करायची आहे, आणि जमले तर ध्रुवीय समुद्रातल्या. क्षणभर शांतता. मग आमचा एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "पोरी, वर्गवारीनं आपल्या पिढ्या मातीत घातल्या, आणि तू वर्गवारीतच डॉक्टर होणार?" सगळे हसले. आम्हीही हसलो. ती खाली बसली.

ते हसू आम्हाला नंतर टोचत राहिले. विनोद चांगला होता, पण त्यामागचा विचार चुकीचा होता, आणि तो चळवळीत फार जणांच्या डोक्यात आहे. वर्गीकरण म्हणजेच विषमता, असे आपण धरून चाललो आहोत. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, प्राणिशास्त्राशी संबंध बारावीनंतर तुटला. म्हणून त्या मुलीकडूनच चार गोष्टी समजून घेतल्या, काही वाचले, आणि हा लेख लिहायला बसलो.

सी अ‍ॅनिमोन म्हणजे फुलासारखा दिसणारा, खडकाला चिकटून किंवा वाळूत रुतून राहणारा प्राणी. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दिसतो. याला ना हाड ना कवच. बाटलीतल्या द्रवात टाकला की आक्रसून त्याचा गोळा होतो, रंग उडतो. मग हा कोणता आणि तो कोणता, हे ठरवायचे कसे? त्याचे तुकडे मेणात बसवून पातळ काप काढतात, आतले उभे पडदे मोजतात, स्नायू कुठे आहे ते पाहतात, आणि दंश करणाऱ्या सूक्ष्म कुप्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजतात. बाहेरच्या रूपावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता अंटार्क्टिकाची गोष्ट. डिसेंबर २०१० मध्ये रॉस हिमस्तराला गरम पाण्याने भोक पाडून संशोधकांनी 'स्किनी' नावाचा लहान रोबोट खाली सोडला. बर्फाची जाडी सुमारे २७० मीटर. हा 'अँड्रिल' या भूवैज्ञानिक खोदकाम प्रकल्पाचा भाग होता, जीवशास्त्राशी त्याचे देणेघेणे नव्हते. रोबोटने कॅमेरा वर वळवला तर बर्फाच्या खालच्या अंगाला सी अ‍ॅनिमोन उलटे लटकलेले! अंग बर्फात, शुंडके पाण्यात. बर्फात राहणारा सी अ‍ॅनिमोन त्याआधी कुणी पाहिला नव्हता. नमुने नीट जतन करायला, डीएनएसाठी राखायला लागणारे साहित्य तिथे नव्हते, कारण प्राणी सापडतील असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. गरम पाण्याने त्यांना सुन्न करून, जुगाड करून शोषून वर काढले.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातील मेरीमेगन डेली यांनी त्यांची तपासणी केली. एडवर्डसिएला ही प्रजाती आधीपासून माहीत होती. आत एकेकटे आठ पडदे, ही त्या कुळाची ओळख, आणि ती इथे जुळली. शुंडके मात्र २० ते २४ होते आणि दंशकुप्यांची मापे व जागा इतर जातींपेक्षा वेगळ्या होत्या. २०१३ मध्ये नाव जाहीर झाले, एडवर्डसिएला अँड्रिली. ज्या प्रकल्पाने तो शोधला त्याचे नाव त्याला मिळाले. एवढा मऊ जीव बर्फ पोखरतो कसा, हे आम्हाला कळलेले नाही, असे त्या शोधनिबंधाच्या लेखकांनीच लिहून ठेवले. आपल्याकडच्या धर्मशास्त्रात 'आम्हाला कळलेले नाही' असे वाक्य कुणी दाखवावे.

नवी जात जाहीर करताना एक नमुना राखून ठेवावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात. तो संग्रहालयात, चिठ्ठी लावून, कुणाही अभ्यासकाने मागितला तर तपासता येईल असा. म्हणजे नाव देणारा स्वतःच्याच विरुद्ध पुरावा सांभाळून ठेवतो. मनूच्या वर्गवारीचा होलोटाइप कोणत्या संग्रहालयात आहे? मुखातून कोण, पायातून कोण, हे तपासायची सोय कुणी ठेवली?

आणि तपासल्यावर काय होते तेही पाहा. स्वीडनचे ऑस्कर कार्लग्रेन हे या विषयातले मोठे नाव. १९४९ मध्ये त्यांनी जगभरातल्या सी अ‍ॅनिमोनची सूची छापली, ती पुढे अनेक दशके प्रमाण मानली गेली. त्यात टिकोडॅक्टिअ‍ॅरिया असा एक स्वतंत्र गण होता. सदस्य मोजके, थंड पाण्यातले, काही उत्तर ध्रुवाकडचे तर काही दक्षिणेकडचे. आतल्या पडद्यांच्या कडांवर इतरांकडे असतो तो एक भाग यांच्याकडे नाही, म्हणून यांना वेगळे बसवले होते. २००० मध्ये कॅपोला आणि डॅफ्नी फॉटिन यांनी पुन्हा तपासून सांगितले की या गणातल्या तिन्ही जाती साध्या सी अ‍ॅनिमोनच आहेत. एक गोष्ट नसणे हा वेगळे काढण्याचा आधार होऊ शकत नाही. वेगळी पंगत उठली. कार्लग्रेन यांचा अपमान झाला म्हणून कुणी मोर्चा काढला नाही.

याहून आम्हाला आवडलेली गोष्ट डेली यांचीच आहे. २००६ मध्ये त्यांनी पॅसिफिकच्या तळाशी उष्ण झऱ्यांजवळ सापडलेल्या एका प्रचंड प्राण्याला, ज्याचे शुंडके दोन मीटरपर्यंत लांब, सी अ‍ॅनिमोन म्हणून नाव दिले. फॉटिन यांच्या सन्मानार्थ बोलोसेरॉइडिस डॅफ्नी. २०१४ मध्ये एस्तेफानिया रॉड्रिगेझ आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे म्हटले की हा सी अ‍ॅनिमोन नाहीच, आणि त्याला रेलिकँथस हे नवे नाव दिले. त्या निबंधावर लेखक म्हणून डेली यांचीही सही आहे. स्वतःचा निर्णय स्वतःच्या सहीने मोडला! पुढे २०१९ मध्ये आणखी एका अभ्यासाने तो सी अ‍ॅनिमोनचाच सख्खा भाईबंद असल्याचे मांडले. वाद अजून चालू आहे.

आता आमचा जुना कार्यकर्ता म्हणेल, विज्ञानाचे एवढे गोडवे गाऊ नका. त्याचे म्हणणे खरे आहे. १७५८ च्या ज्या ग्रंथात लिनियसने किनाऱ्यावरच्या लाल सी अ‍ॅनिमोनला नाव दिले, त्याच ग्रंथात त्याने माणसाचेही खंडानुसार चार भाग केले आणि स्वभावही चिकटवले: युरोपीय कायद्याने चालतो, आफ्रिकी लहरीने. सी अ‍ॅनिमोनचे नाव पुढे पुराव्यानुसार बदलले. माणसांची उतरंड मात्र पुढच्यांनी उचलून धरली. आपल्याकडे रिस्ले साहेब नाके मोजत फिरले आणि १९०१ च्या जनगणनेत जातींना पायऱ्यांवर बसवले.

मग बाबासाहेबांनी काय केले? मोजमाप हेच पाप आहे, असे ते म्हणाले नाहीत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' मध्ये त्यांनी घुर्येंनी दिलेले नाकांच्या मापांचे आकडेच टेबलावर मांडले आणि विचारले, हे शास्त्र जर भरवशाचे असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, मग तुमच्या सिद्धांताचे काय? वर्गीकरण करणाऱ्याची फूटपट्टी हातात घेऊन त्यालाच मोजले. फूटपट्टी हातात धरता आली म्हणूनच ते जमले. हे काम बाहेर उभे राहून हसणाऱ्याला जमत नाही.

राहिला प्रश्न 'याचा समाजाला उपयोग काय?' हा प्रश्न फक्त आपल्याच पोरांना का विचारतात? पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरातली मुलगी कीटकांवर संशोधन करते तेव्हा ती हुशार. आपली मुलगी करते तेव्हा तिने आधी घर, वस्ती, चळवळ सगळ्यांचा हिशेब द्यायचा. आम्ही वस्तीत काम करतो, घराला पगाराची किती गरज असते ते आम्हाला माहीत आहे. फेलोशिपचे पैसे महिनोन्महिने अडकतात, गाइड मिळत नाही, आडनाव ऐकून सूर बदलतो. यावर आंदोलन करायचे ते सोडून आपणच मुलीला म्हणतो, एमपीएससी कर. ज्यांनी आपल्याला 'तुला काय करायचंय' म्हणून दारात अडवले, त्यांचे काम आपण फुकट करून देतो.

ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था गोव्यात, वास्कोला आहे. अंटार्क्टिकात भारताची मैत्री आणि भारती ही दोन केंद्रे आहेत, उत्तरेला स्वालबार्डमध्ये हिमाद्री. तिथे जाणाऱ्या तुकड्यांत आपल्या वस्त्यांतून किती जण गेले, हा प्रश्न आपण माहितीच्या अधिकारात विचारला पाहिजे. राखीव जागांचा हिशेब आपण फक्त तहसील कचेरीपुरता ठेवतो.

त्या मुलीला आम्ही फोन करून माफी मागितली. पुढच्या अभ्यासवर्गात ती स्लाइड दाखवून बोलणार आहे, विषय तोच. प्रोजेक्टर आणायची जबाबदारी त्या जुन्या कार्यकर्त्याने स्वतःहून घेतली आहे. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, विहारात.