‘बीपी नॉर्मल’वर विसंबू नका

फेब्रुवारी २०२१ मध्ये, १४-१५ तारखेच्या मध्यरात्री, धुळ्याकडून रावेरकडे पपई घेऊन येणारा ट्रक यावल तालुक्यात किनगावजवळ उलटला. पपईवर बसून घरी परतणारे १५ मजूर गेले, त्यांतले बहुतेक आभोडा, केऱ्हाळा आणि रावेरचे. मृतांत लहान मुलेही होती. केळी-पपईच्या या पट्ट्यात मजूर आजही मालावर बसून प्रवास करतात, आणि लेकरे त्यांच्या सोबत असतात. जबर जखमी मूल ग्रामीण रुग्णालयात कधीही येऊ शकते, आणि आले की आधी सिस्टरच्याच हाती येते.

जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ साली सुरू झाले. रावेरहून ते सुमारे ७० किलोमीटर. तिथे पाठवताना अशा मुलाच्या रेफर चिठ्ठीवर ‘बीपी नॉर्मल’ एवढाच शेरा असेल, तर आमच्या मते तो धोक्याचा आहे. रक्त जाऊ लागले की मुलाच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी टिकून राहते. दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त असते जेमतेम ८०० मिली. त्यातले जवळपास पाव लिटर जाईपर्यंत बीपी फसवत राहते, आणि मग एकदम कोसळते. त्याआधी बोलते ती नाडी. ती धावू लागते, हातपाय गार पडतात, छातीवर बोट दाबून सोडले तर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. किंचाळणाऱ्या मुलाकडे सगळे धावतात. गप्प पडलेल्याकडे आपण आधी जायला हवे. रावेर तालुक्यातल्या पाल गावाकडच्या पाड्यावरून आलेल्या पावरा किंवा तडवी मुलाला आपली भाषा कळली नाही म्हणून ते बोलत नाही, की मेंदूला मार आहे? आईला जवळ उभी करा, तिला हाक मारू द्या. मूल तिच्याकडे बघते का, ते पाहा.

बीपीसारखाच वजनाचा अंदाजही फसवतो. वयात चार मिळवून दुप्पट करण्याचे सूत्र आपण शिकलो, पण सातपुड्यातली कितीतरी मुले त्याहून हलकी असतात आणि सलाईन, औषध सारे किलोवर ठरते. शक्य असेल तर मूल काट्यावर ठेवा. नसेल तर अंगणवाडीत शेवटचे वजन किती भरले, ते आईला विचारा.

लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे. सपाट झोपवले तर मान पुढे वाकते, श्वासनलिका दबते. खांद्यापासून पाठीखाली घडी केलेली चादर घाला, मान न हलवता. ओले कपडे काढा, अंग झाका. गारठलेल्या मुलाचे रक्त गोठायला वेळ लागतो. बरगडी मोडलेली नाही म्हणून फुफ्फुस शाबूत समजू नका, मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. दोन प्रयत्नांत वेन मिळाली नाही, तर तिसऱ्यात वेळ न घालवता डॉक्टरांना हाडातून सलाईनची आठवण करून द्या. हे सांगण्यात कसलाही आगाऊपणा नाही.

या महिन्यात आपल्या कॅज्युअल्टीचे कपाट उघडून पाहा. मुलांच्या मापाचा बीपी कफ, वजनकाटा, हाडात घालायची सुई यांपैकी जे नसेल, त्याची मागणी वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी द्या. आणि १०८ रुग्णवाहिकेत मूल चढवताना दर पाच मिनिटांची नाडी, श्वास, शुद्ध वेळेसह लिहिलेला कागद त्याच्यासोबत पाठवा.