पंप उचलत नाही म्हणजे आळशी नाही

आज पिकाचं नाही, छातीचं लिहितो.

माझं उजवं फुफ्फुस तीनदा बसलं. डॉक्टर याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. फुफ्फुसातून हवा गळते, बरगडीच्या आत साठते आणि फुफ्फुस दाबलं जातं. दोनदा छातीत नळी घातली. तिसऱ्यांदा ऑपरेशन करून फुफ्फुस आतून चिकटवलं.

आता बाहेरून मी धडधाकट दिसतो. पण 16 लिटरचा पंप भरून पाठीवर घेतला की चार ओळींत दम लागतो. नळीची जागा अजून दुखते. मळणीचा भुसा उडून खोकला आला की मनात एकच येतं, परत बसलं का?

लोक म्हणतात, एवढा उंच गडी अन् पंप उचलत नाही! अहो, उंच, सडपातळ तरुणांनाच हे जास्त होतं. बिडी-सिगारेटनं धोका आणखी वाढतो.

पहिल्या वेळी लाजेपायी चूक केली. चमक भरली असेल म्हणून दोन दिवस बाम चोळला. तुम्ही तसं करू नका. छातीत एका बाजूला अचानक कळ आली, दम लागला, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि कृषी सल्लागार साहेबांना एक विनंती. फवारणीचं प्रमाण सांगता, तसं पंप कोण उचलणार हेही विचारत चला. आता फवारणीला मी माणूस लावतो. मजुरी जाते, पण श्वास राहतो. यात कमीपणा कसला?