चांगदेवांची कैफियत

१८८० साली ज्या असोद्यात बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला, त्या गावापासून फैजपूर-सावद्यापर्यंत कोठेही कीर्तन रंगात आले आणि व्याघ्रारूढ, हाती सर्पाचा चाबूक मिरविणारे चांगदेव अवतरले, की श्रोत्यांना ते दुष्ट मांत्रिकच वाटावेत अशी जणू वहिवाटच पडली आहे. आणि या वहिवाटीस माझी स्पष्ट हरकत आहे.

एकाच योगविद्येच्या उपासकांपैकी ज्येष्ठाने, चौदाशे वर्षांच्या तपाचा लौकिक पदरी असता, आळंदीच्या ज्ञानदेव नावाच्या एका कोवळ्या मुलाची कीर्ती ऐकून मत्सराने पेटावे, यात मला राक्षसीपणापेक्षा मनुष्यस्वभावच अधिक दिसतो. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांच्या भेटीस ज्ञानदेवांची भिंत चालल्याचे कौतुक लोकांना. मला नवल वाटते ते चांगदेवांनी ज्ञानदेवांना आधी धाडलेल्या कोऱ्या पत्राचे. वयाने धाकटा म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, याचा निर्णय न झाल्यामुळे ज्याने कागद तसाच रवाना केला, तो कपटी खचित नव्हे. (कपटी माणसाचे मायन्यावाचून कधीच अडत नाही, हे कचेरीत उमेदवारी केलेला कोणीही सांगेल.) उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या धाडल्या, आणि या वृद्ध सिद्धाने अखेर ज्ञानदेवांच्या धाकट्या बहिणीचे, मुक्ताबाईसारख्या पोरवयाच्या मुलीचे शिष्यत्व पत्करले.

खानदेशातच तापी-पूर्णेच्या संगमानजीक चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे, आणि जवळच्या जुन्या एदलाबादेस आज मुक्ताबाईंच्या नावाने मुक्ताईनगर म्हणतात. तेव्हा कीर्तनकारांनी निदान खानदेशात तरी वाघाला दोन मिनिटे आणि पत्राला अर्धा तास द्यावा.