जोडीदाराला वेळेत सांगणे हा उपचाराचाच भाग : जाहीर आवाहन

लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग एका व्यक्तीत आढळला की तो तिच्या जोडीदारातही असण्याची शक्यता असते. म्हणून गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया), क्लॅमिडिया, हिपॅटायटिस बी किंवा एचआयव्ही यांपैकी कोणताही संसर्ग तपासणीत निघाल्यास संबंधित व्यक्तीने जोडीदाराला लवकरात लवकर कळवावे आणि त्याचीही तपासणी होईल असे पाहावे, असे सर्व नागरिकांना आवाहन करण्यात येत आहे.

कळवणे का आवश्यक

यांतील अनेक संसर्ग लक्षणे न दाखवता शरीरात राहतात. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही. संसर्ग मात्र गर्भनलिकांपर्यंत पोचून वंध्यत्वाला कारण ठरू शकतो. गरमीची पहिली जखम सहसा दुखत नाही आणि तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. आजार गेला असे समजून माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही आणि जंतू रक्तात तसाच राहतो. गरोदर स्त्रीला गरमी असून उपचार झाले नाहीत, तर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकते किंवा जन्मतःच बाधित असू शकते. शिवाय एकानेच औषध घेतले आणि दुसऱ्याचे राहून गेले, तर बरा झालेला पुन्हा आजारी पडतो. गरमी किंवा परमा एकदा होऊन गेल्याने पुढे संरक्षण मिळत नाही.

कोणाला कळवावे

परमा किंवा क्लॅमिडिया असल्यास मागील ६० दिवसांतील सर्व जोडीदारांना कळवावे. या काळात कोणाशीच संबंध आलेला नसेल, तर त्याआधीच्या शेवटच्या जोडीदाराला सांगावे. गरमी पहिल्या अवस्थेत असेल, तर सुमारे तीन महिने, अंगावर पुरळ उठले असेल, तर सहा महिने आणि लक्षणांविना रक्तात आढळली असेल, तर किमान एक वर्ष मागे जावे लागते. एचआयव्हीच्या बाबतीत किती मागे जायचे हे समुपदेशकाशी बोलून ठरवावे.

कसे सांगावे

एकांतात, दोघेही शांत असताना, थोडक्या शब्दांत सांगावे. ‘तपासणीत मला संसर्ग निघालाय. औषध सुरू केलंय. लक्षणं नसली तरी तुलाही तो असू शकतो, म्हणून या आठवड्यातच तपासून घे,’ एवढे पुरते. कोणाकडून आला याचा वाद त्या वेळी टाळावा. काही संसर्ग वर्षानुवर्षे लपून राहतात. त्यामुळे आज निघालेल्या अहवालावरून कोणी कोणाला फसवले हे सिद्ध होत नाही.

स्वतः बोलणे अवघड वाटत असेल, तर दवाखान्यातून जोडीदारासाठी चिठ्ठी मागावी किंवा समुपदेशकासमोर दोघांनी एकत्र बसावे. सांगितल्यावर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी भीती असल्यास एकटीने किंवा एकट्याने सांगू नये. आधी समुपदेशकाशी बोलावे. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

कायदा काय म्हणतो

‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७’ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कोणाची एचआयव्हीची स्थिती इतरांना सांगण्यास तो मनाई करतो. जोडीदाराला मोठा धोका असेल आणि समुपदेशनानंतरही संबंधित व्यक्ती सांगणार नाही अशी खात्री झाली, तरच डॉक्टर किंवा समुपदेशक तिला पूर्वकल्पना देऊन जोडीदाराला कळवू शकतात. हिंसाचाराची रास्त भीती असलेल्या स्त्रियांना कायद्याने संरक्षण दिले आहे.

निरोप मिळाल्यावर

जोडीदाराने लक्षणांची वाट पाहू नये. एचआयव्हीचा संपर्क नुकताच आला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठावा. प्रतिबंधक गोळ्या त्या मुदतीतच सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. जितका उशीर, तितका उपयोग कमी. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसल्यास ती लगेच घ्यावी. एचआयव्हीची पहिली चाचणी निर्दोष आली, तरी सांगितलेल्या तारखेला ती पुन्हा करावी. मेडिकलमधून मनानेच गोळ्या आणू नयेत आणि एकाचे औषध दोघांत वाटून घेऊ नये. परमा किंवा क्लॅमिडियात दोघांचे औषध पूर्ण होऊन सात दिवस उलटेपर्यंत संबंध टाळावेत.

मदत कोठे मिळते

जिल्हा रुग्णालये व शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी, औषधे आणि समुपदेशन मोफत मिळते. एचआयव्हीची चाचणी आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन व चाचणी) केंद्रांत विनामूल्य होते आणि अहवाल गोपनीय राहतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते.

खासगी डॉक्टरांनीही रुग्णाला औषध लिहून देताना जोडीदाराची चौकशी करावी, त्याच्यासाठी चिठ्ठी द्यावी आणि पुढच्या भेटीत त्याची तपासणी झाली का हे विचारावे. कुटुंबीयांनी व शेजाऱ्यांनी तपासणीला जाणाऱ्याची चर्चा करू नये.