दुबईचा पगार करमुक्त, माणूस नव्हे

आखातात नोकरीला निघालेल्या आपल्या माणसाला विचारा, पहिले उत्तर येते, 'तिथे टॅक्स नाही.' खरे आहे. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही. पण पगार करमुक्त झाला म्हणून माणूस करमुक्त होत नाही, हे रत्नागिरी-रायगडकडच्या शिकल्यासवरल्या इंजिनिअर, अकाउंटंट मंडळींनाही सांगावे लागते, याचे नवल वाटते.

सारा प्रश्न दिवसांचा आहे. नोकरीसाठी परदेशी गेलेला भारतीय नागरिक आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ इथे राहिला तर करापुरता अनिवासी ठरतो. भेटीला येणाऱ्याचे भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल, आणि मागच्या चार वर्षांत मिळून तो ३६५ दिवस इथे राहिला असेल, तर २०२० पासून ही मर्यादा १२० दिवसांची झाली. लग्नकार्ये, आजारपणे, घराचे बांधकाम यात दिवस कसे भरतात ते कळत नाही. पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवावेत.

त्याच वर्षी आणखी एक तरतूद आली. भारतात १५ लाखांवर उत्पन्न आणि कोणत्याच देशात करदायित्व नाही, असा नागरिक भारताचा निवासी मानला जातो. बातमी येताच आखातात घबराट उडाली. ती अनाठायी होती, तिथल्या पगाराला त्यामुळे कर लागत नाही. मात्र इथले घरभाडे, गाळ्याचे भाडे आधीही करपात्र होते, आजही आहे.

जाताना बँकेला न कळवणे ही नेहमीची चूक. साधे बचत खाते तसेच चालू ठेवून त्यातच पैसे पाठवले जातात. ते खाते एनआरओ करून घ्यावे आणि परदेशची कमाई एनआरई खात्यात ठेवावी. एनआरईच्या व्याजावर अनिवासीला कर नाही, एनआरओच्या व्याजातून मात्र बँक ३० टक्क्यांहून अधिक कापून घेते.

आता गोल्डन व्हिसा. २०१९ मध्ये सुरू झालेला हा परवाना कुशल व्यावसायिकाला दहा वर्षांचा मिळतो, पण त्यासाठी पदवी आणि महिना ३० हजार दिरहम पगार लागतो. नोकरी सुटली तरी मुक्काम सुटत नाही, हा त्याचा खरा फायदा. नागरिकत्वाशी त्याचा संबंध नाही. जुलै २०२५ मध्ये एक लाख दिरहम भरून भारतीयांना आजन्म गोल्डन व्हिसा मिळणार, अशी बातमी पसरली. तिथल्या सरकारने काही दिवसांतच तिचा इन्कार केला. तोवर इकडे कितीजणांनी जमीन विकायचे मनात आणले असेल, कोण जाणे.

आणि पेन्शन? परक्या नोकरदाराला ती नाही, ग्रॅच्युइटी आहे. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा, पुढे ३० दिवसांचा मूळ पगार. मूळ पगार, भत्ते धरून नव्हे! मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवणारे मालक कमी नाहीत. वीस वर्षांनी परतताना हातात येणारी रकमेची थैली त्या एका आकड्यावर ठरते, आणि तो आकडा सही करण्याच्या दिवशीच कागदावर लिहिलेला असतो.